दारू नाही, वजन नाही, मग लिव्हरवर चरबी कशी? साखर आणि गुळाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. वय ३८, उंची पाच फूट सात इंच, वजन ६६ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. दारू नाही, तंबाखू नाही. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली तेव्हा ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ निघालं. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २४०, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ५.९. आईला मधुमेह आहे आणि तिच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले साखर बंद करा, म्हणून तुम्ही साखरेचा डबाच घरातून काढला आणि गुळाचा चहा सुरू केला. आता तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्यात: साखरेचा लिव्हरशी काय संबंध, गूळ चालतो का, आणि सात वर्षांची मुलगी सतत गोड मागते, तिला जंत होतील असं आजी म्हणते ते खरं का.

मी ऊसपट्ट्यात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. इथे साखरेविरुद्ध बोलायचं म्हणजे समोरच्याच्या उसाच्या बिलाविरुद्ध बोलल्यासारखं होतं, त्यामुळे तोलून बोलायची सवय लागली आहे. साखर विष नाही. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं ‘साखर म्हणजे पांढरं विष’ म्हणून कोणी डबा फेकून देत असेल तर महिन्याभरात तो डबा परत येतो, आणि काही घरांत त्या उत्साहात भलताच धोका होतो. त्या धोक्याबद्दल शेवटी लिहितो, कारण तो तुमच्या आईशी संबंधित आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘मी गोड फारसं खात नाही.’ ओपीडीत हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो आणि खोटं कोणीच बोलत नसतं. गोड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिलेबी, बासुंदी, श्रीखंड येतं. चहा गोडात धरायची आपल्याकडे पद्धतच नाही. म्हणून मी खाण्याबद्दल विचारतच नाही, किराण्याची यादी विचारतो. तुमच्याकडे महिन्याला पाच किलो साखर लागायची. म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. आई बिनसाखरेचा चहा घेते. आल्यागेल्याच्या चहाचे वीस-पंचवीस ग्रॅम सोडून देऊ. उरलेली तिघांत वाटली तर माणशी ४५ ते ५० ग्रॅम. त्यात ऑफिसखालच्या टपरीवरचा चहा नाही, बिस्किटं नाहीत, रविवारचं कोल्ड्रिंक नाही.

हा आकडा कशाशी ताडायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत आणा. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिचा कल त्या २५ ग्रॅमकडेच आहे. सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते, म्हणजे पाच-सहा चमचे. पण घरात चहा करताना आपण जो चमचा घालतो तो सपाट नसतो, शिगोशीग असतो.

त्यावर बाहेरचं मोजा. तीनशे मिलीलीटरच्या कोलात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक बाटली म्हणजे दिवसाचा वाटा संपला. उसाच्या रसाचा मोठा ग्लासही जवळपास तेवढाच, आणि तो ‘नैसर्गिक’ आहे हे लिव्हरला कळत नाही. चार-सहा ग्लुकोज बिस्किटांत सहा-सात ग्रॅम. सॉसच्या चमच्यात चारेक ग्रॅम, आणि तो आपण तिखट म्हणून खातो. दुकानातल्या श्रीखंडात शंभर ग्रॅमला चाळीसेक ग्रॅम, पण श्रीखंड तुम्ही वर्षातून चार वेळा खाता, चहा वर्षातून हजार वेळा पिता. पाडव्याच्या श्रीखंडाला आणि गणपतीतल्या मोदकांना माझी हरकत नाही. माझं भांडण रोजच्या चमच्यांशी आहे.

आमच्या भागात आणखी एक प्रकार आहे. सहकारी कारखान्याच्या सभासदाला दिवाळीच्या सुमारास सवलतीच्या दरात साखर मिळते. कट्टा घरात येऊन पडला की कोणाचा हात आखडत नाही. शहरात किलोने आणणाऱ्या घरापेक्षा अशा घरात चहा हमखास जास्त गोड असतो. तुमच्याकडे असा कोटा येत असेल तर सगळा घरात ठेवू नका एवढंच म्हणेन.

आता लिव्हर. आपण खातो त्या साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. पोटात गेल्यावर दोघं वेगळे होतात आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या होतात. ग्लुकोज मेंदू, स्नायू, सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र लिव्हरलाच निस्तरावा लागतो. शेतात दिवसभर राबून आलेल्या माणसाचा लिव्हरमधला साठा रिकामा असतो, तिथे ते भरून जातं. खुर्चीत बसून चौथा चहा घेणाऱ्या माणसाचा साठा आधीच भरलेला असतो. मग लिव्हर त्या फ्रुक्टोजची चरबी करतं. थोडी चरबी तिथेच साठते, ती सोनोग्राफीत दिसली. थोडी रक्तात सोडली जाते, ती तुमच्या ट्रायग्लिसराइड्सच्या २४० मध्ये दिसते. रिपोर्टमधले हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. याच उलाढालीत युरिक ॲसिडही वाढतं आणि ते सांध्यात साचतं. मटण न खाणाऱ्या माणसाच्या पायाचा अंगठा रात्रीत सुजतो तेव्हा मी कोल्ड्रिंकबद्दल विचारतो ते त्यासाठी.

चरबी साचलेलं लिव्हर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री आपण झोपलेले असताना लिव्हरने रक्तात थोडीथोडी साखर सोडायची असते आणि ती किती, हे इन्शुलिन ठरवतं. ते ऐकणं बंद झालं की सकाळची उपाशीपोटीची साखर चढू लागते. ‘रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी शुगर कशी वाढली’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या ४० मुलांवर एक प्रयोग झाला. मुलं ११ ते १६ वर्षांची होती. निम्म्या मुलांच्या घरातल्या सगळ्यांचाच आहार बदलून वरची साखर अगदी नाममात्र केली. आठ आठवड्यांत त्या मुलांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्या गटात ती २१ वरून २० झाली. मला यातला घरच्यांचा भाग महत्त्वाचा वाटतो. एकट्याची साखर कमी होत नाही, घराची होते.

तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलंय ते हे की वजन तर ६६च आहे. उंचीच्या हिशेबाने तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या जरा आतच येतो. पण कंबर ९२ आहे. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपली ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येसुद्धा ती याज्ञिकांच्या गटाला दिसली. त्यामुळे काट्यावरचा आकडा बघून आपण निर्धास्त राहू नये. भारतातल्या मधुमेहाचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज होता. सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारी, गोव्यात, २६.४ टक्के. तुमचा ५.९ हा आकडा त्या उंबरठ्यावरचाच आहे: ५.७ ते ६.४ ही ती पट्टी, ६.५ पासून मधुमेह.

साखरेमुळेच मधुमेह होतो का? सरळ तसं नाही. लहान वयात होणाऱ्या, इन्शुलिनच लागणाऱ्या मधुमेहाचा साखर खाण्याशी संबंध नाही. अशा मुलांच्या आयांना नातेवाईक ‘तूच चॉकलेटं दिलीस’ असं ऐकवतात ते अन्यायाचं आहे. मोठ्या वयातल्या मधुमेहात घराणं, पोटाची चरबी, बैठं काम, झोप, भात-पोळीचं प्रमाण हे सगळं येतं आणि साखर त्यातली एक. पण ती सोडायला सगळ्यात सोपी, कारण तिच्याबरोबर प्रथिनं, चोथा, जीवनसत्त्वं असं काहीच जात नाही. त्यातही प्यायलेली साखर जास्त वाईट. खाल्ल्याने पोट भरतं, प्यायल्याने भरत नाही. कोला पिऊन कोणी एक पोळी कमी खात नाही.

हृदयाबद्दलही एक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका मोठ्या पाहणीत, दिवसाच्या कॅलरींपैकी १७ ते २१ टक्के वरच्या साखरेतून घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ८ टक्क्यांच्या आसपास घेणाऱ्यांपेक्षा ३८ टक्के जास्त दिसला. पाहणी आहे, प्रयोग नाही, त्यामुळे सगळा दोष साखरेच्याच माथी मारता येत नाही. पण उलट बाजूचे जुने शोधनिबंध वाचताना मी सावध असतो. हृदयविकाराचा दोष साखरेवरून चरबीकडे वळवणारा एक लेख १९६७ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले होते, हे २०१६ मध्ये कागदपत्रांनिशी उघड झालं.

आता गूळ. सध्या दर चौकात ‘गुळाचा चहा’ची पाटी आहे आणि शुगरवाले पेशंट तिथे निर्धास्त दोन कप घेतात. गूळ म्हणजे प्रामुख्याने साखरच, सोबत थोडं पाणी आणि थोडे क्षार. रक्तातली साखर त्यानेही जवळपास तेवढीच चढते. लिव्हरला पोचणारं फ्रुक्टोज तेच. वर गूळ कमी गोड लागतो म्हणून आपण खडा मोठा टाकतो. लोह आहे, पण गुळाने हिमोग्लोबिन वाढवायचं तर इतका खावा लागेल की शुगर आधी वाढेल. लोकांना वाटतं साखर गंधकाने पांढरी केलेली आणि गूळ शुद्ध. एकदा हंगामात गुऱ्हाळावर जाऊन उभे राहा. रसाची मळी काढायला भेंडीचं पाणी घालतात ते ठीक. पण बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं रसायन) टाकली जाते, आणि साखर स्वस्त असेल तेव्हा काही ठिकाणी काहिलीत साखरेची पोतीही रिकामी होतात. चवीसाठी गूळ आवडत असेल तर काळपट गूळ जरूर खा, पण साखरेच्याच हिशेबात धरून. मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर, खजुराचं सिरप यांनाही हाच नियम.

स्टीव्हिया किंवा दुसऱ्या गोडव्याच्या गोळ्यांबद्दल माझं मत: मधुमेह असलेल्याला चहापुरती एखादी चालेल. वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलं. तुमच्या बाबतीत जिभेची गोडाची सवय मोडणं जास्त उपयोगाचं.

मुलीचं आणि जंतांचं. आजींना सांगा, गोडाने जंत होत नाहीत. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून, भाजीपाल्यावरून पोटात जातात. शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नका, नखं कापा, जेवणाआधी हात धुवा. ‘गोड खाल्लं की मुलं उधळतात’ हेही चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. वाढदिवसाला मुलं उधळतात ती वाढदिवसामुळे. पण आजींचा मूळ विरोध बरोबर आहे, कारण दात. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताचं कवच विरघळवतं. एकदा गोड खाल्लं की लाळेला ते आम्ल निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून किती खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं. १९४५ नंतर स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हे तपासलं गेलं. आज कोणी असा प्रयोग करू धजणार नाही, करूही नये. पण त्यातून कळलं ते असं की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी चघळलेली चिकट साखर दात जास्त खाते. मुलीला गोड द्यायचं तर जेवणाच्या ताटात द्या. दप्तरात चॉकलेट नको आणि झोपताना साखर घातलेलं दूध नको.

मुलांच्या दुधात घालतात त्या चॉकलेटी पावडरीचा डबाही एकदा उलटा करून वाचा. अशा पेयांना ऑनलाइन दुकानांनी ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात विकू नये, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावलं. साखरेचा आकडा शंभर ग्रॅममागे लिहिलेला असतो. घटकांच्या यादीत जो पदार्थ आधी तो वजनाने जास्त. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही सगळी त्याच कुटुंबातली मंडळी. ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटाचा पुडाही याच नजरेने बघा.

ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती, सप्टेंबर १९५३ मध्ये ते रेशन उठलं आणि खप जवळपास दुप्पट झाला. त्या आगेमागे जन्मलेल्यांची उतारवयातली प्रकृती २०२४ मध्ये तपासली गेली. गर्भात असताना आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांना रेशनचीच साखर मिळाली, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्के आणि रक्तदाबाचं २० टक्के कमी होतं. बाळाच्या खिमटीत, पेजेत साखर न घालण्याबद्दल आता मी सासूबाईंशी वाद घालायला तयार असतो.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पहिली गोष्ट चुलीवरची: चहाच्या आधणात साखर टाकणं बंद. आधणात टाकली की घरातल्या सगळ्यांना एकच माप मिळतं. कपात वरून घ्या. तुम्ही दोन चमचे घेत असाल तर दीड, दहा-पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. जीभ तीन-चार आठवड्यांत बदलते, मग टपरीवरचा चहा पाकासारखा लागू लागतो. कोल्ड्रिंक आणि रस पूर्ण बंद, यात सवलत नाही. फळ चावून खा, ज्यूस नको. भात-पोळी थोडी कमी करून डाळ, उसळ, अंडं, ताक वाढवा, कारण साखर सोडून साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा दुप्पट खाणारे मी रोज बघतो. जेवल्यावर वीस मिनिटं चाला. तुमच्यासारख्या सडपातळ माणसाचं दोन-तीन किलो वजन उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होते.

डॉक्टरांना एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्तचाचण्या) आणि प्लेटलेट्स बघायला सांगा. वय आणि हे तीन आकडे मिळून लिव्हरला व्रण पडताहेत का याचा अंदाज येतो. शंका आली तरच फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी. थायरॉइड एकदा बघून घ्या. तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि ट्रायग्लिसराइड्स परत करा. सोनोग्राफी लगेच परत नको, ग्रेड एकाचा ग्रेड शून्य झाला का हे बघण्यात पैसे जातात. ‘लिव्हर टॉनिक’ घेऊ नका. आणि मुलीच्या मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसतो का बघा. आया तो मळ समजून डाळीच्या पिठाने घासत बसतात. तो मळ नसतो, इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. दिसला तर मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आता आई. तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी खाणं झालं नाही तरी साखर उतरवत राहते. एकादशीचा उपास, जुलाब, जेवायला झालेला उशीर, असं काही झालं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडतं, माणूस असंबद्ध बोलतो. त्या क्षणी घरात साखरच नसेल तर पंचाईत होते, म्हणून तुम्ही काढलेला डबा परत आणा. आईच्या उशाशी आणि पर्समध्ये ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी ठेवा. लक्षणं दिसली तर तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. चॉकलेट किंवा बिस्किट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासा, कमीच असेल तर परत तेवढीच द्या आणि मग पोळी-भाजी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. या गोळीने साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे बरं वाटलं तरी त्या रात्री आईजवळ कोणीतरी झोपा आणि दुसऱ्या दिवशी गोळीचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.